भिशीतून भांडवलाकडे



आपल्या कोरपना-गडचांदूर भागात भिशी कोणाला ठाऊक नाही? दहा-बारा घरं महिन्याला पैसे टाकतात आणि पाळीपाळीने उचलतात. लग्न निघतं, दुखणं निभतं, घरावर टिनं चढतात. पण शेवटची पाळी झाली की भिशी संपली, गाठीला काही उरत नाही. तोच पैसा एकत्र ठेवून आपल्याच माणसाच्या धंद्यात लावला तर? हे करून पाहणाऱ्यांचा थोडा इतिहास इथे मांडतो.

अमेरिकेत रिचमंड शहरात सेंट ल्यूक नावाची कृष्णवर्णीयांची संस्था होती. वर्गणी जमवून आजाऱ्याला आणि मयताला मदत करायची, हे तिचं काम. मॅगी लीना वॉकर यांची आई गुलामगिरीतून सुटलेली, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. या मॅगीबाईंनी 1903 साली त्याच संस्थेच्या बळावर बँक उघडली. पै-पैशाच्या बचतीवर ती उभी राहिली आणि तिच्या कर्जावर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वतःची घरं घेतली. मोठ्या मंदीत कितीतरी बँका बुडाल्या. ही मात्र 1930 मध्ये कृष्णवर्णीयांच्याच दुसऱ्या बँकेत मिळून टिकली.

आपल्याकडे बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा आणि 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. शिक्षण आलं, त्यामागून नोकऱ्या आल्या. धंदा मात्र मागेच राहिला. तारण ठेवायला जमीन नाही, बाजारात ओळखीचा कोणी नाही, मग बँक कर्ज देणार कशावर?

ही अडचण ओळखून मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची संघटना सुरू केली. तीच 'डिक्की'. नोकरी मागणारे नको, देणारे व्हा, हा तिचा आग्रह. आपल्या विदर्भातल्या, अकोला जिल्ह्यातल्या कल्पना सरोज यांनी आजारी पडलेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी हाती घेतली. त्यांना आणि कांबळे यांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत डिक्कीचा गुंतवणूक निधी सुरू झाला, उद्दिष्ट 500 कोटींचं. हा निधी म्हणजे दान नव्हे. तो धंद्यात भागीदार होतो, नफ्यातोट्यात वाटा घेतो, आणि परत आलेला पैसा पुढच्या उद्योगाला लावता येतो.

आता आपल्या पायाखाली बघा. इथे चुनखडी आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, शेजारी राजुऱ्याकडे वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. पोरं मात्र ठेकेदाराच्या हाताखाली. केंद्र सरकारच्या 2012 च्या धोरणानुसार सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी 4 टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यायचा आहे. पण माल पुरवायला आधी यंत्र लागतं, हाताशी खेळता पैसा लागतो. मोठा निधी कोरपन्याच्या गल्लीपर्यंत कधी येईल, याची वाट किती बघायची?

काही कार्यकर्ते विचारतात, यातून दोन-चार जण शेठ होतील, बाकीच्यांचं काय? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, हे आपण कामगारांनी विसरू नये. मालक आपला आहे म्हणून पगारचिठ्ठी आणि प्रॉव्हिडंट फंड सोडायचा नाही. पैसा देतानाच अट घालावी: काम वस्तीतल्या पोरांना, मजुरी कायद्याप्रमाणे, आणि नफ्यातला काही भाग मुलांच्या शिक्षणाला.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितलं आहे. एक भाग खाण्यापिण्याला, दोन धंद्याला आणि एक अडीअडचणीला. आपण पहिला आणि चौथा भाग कसाबसा सांभाळतो. मधले दोन एकेका घराला झेपत नाहीत, ते पंचवीस घरांनी मिळून उभे करावे लागतील. त्यासाठी रीतसर संस्था नोंदवावी, आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर सर्वांसमोर हिशोब वाचावा. बायाबापड्यांचा घामाचा पैसा आहे, त्याचा पैन् पै हिशोब त्यांना ऐकू आला पाहिजे.