आकाशातील सीमारेषा आणि जमिनीवरील विमानतळ

२१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरकडे निघालेले इंडिगोचे प्रवासी विमान पठाणकोटच्या परिसरात ३६ हजार फूट उंचीवर असताना गारपिटीच्या ढगांसमोर आले. विमानात दोनशेहून अधिक प्रवासी होते. ढग टाळण्यासाठी डावीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमेच्या दिशेने वळण्याची परवानगी वैमानिकांनी मागितली. ती मिळाली नाही. त्यानंतर पाकिस्तानच्या हद्दीत काही काळ शिरू देण्याची विनंती त्यांनी लाहोरच्या नियंत्रण कक्षाला केली. तीही नाकारण्यात आली. मागे फिरण्याचाही विचार झाला, परंतु तोवर ढग अगदी जवळ आल्याने वैमानिकांनी त्यातूनच मार्ग काढण्याचे ठरविले. एका क्षणी विमान मिनिटाला साडेआठ हजार फूट या वेगाने खाली येत होते. अखेर ते श्रीनगरला सुखरूप उतरले, तेव्हा त्याच्या नाकाडाची मोडतोड झाली होती.

या घटनेला दोन वर्षांपूर्वीची एक पार्श्वभूमी आहे. मे २०२३ मध्ये मस्कतहून लाहोरला आलेले पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे विमान मुसळधार पावसामुळे उतरू शकले नाही आणि सुमारे दहा मिनिटे भारतीय पंजाबच्या आकाशात राहून परत गेले. पुढच्याच महिन्यात अमृतसरहून अहमदाबादला निघालेले इंडिगोचे विमान खराब हवामानामुळे लाहोरजवळून पाकिस्तानात शिरले व सुमारे अर्ध्या तासाने सुखरूप परतले. अमृतसर आणि लाहोर या विमानतळांमधील अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. त्या दोन्ही वेळी दोन्हीकडच्या नियंत्रण कक्षांनी परस्परांशी बोलून वाट करून दिली होती. ढग तेच, शेजारी तेच. बदलला होता तो दोन देशांमधील व्यवहार.

आकाश कोणाचे?

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या पहिल्याच कलमात या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूप्रदेशावरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व असते. समुद्रात ही हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत जाते. जहाजांना दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीतून निरुपद्रवी प्रवासाचा जो हक्क असतो, तसा हक्क विमानांना नाही. नियमित विमानसेवेला परक्या देशावरून जायचे तर त्या देशाची संमती हवीच.

ही संमती वारंवार मागावी लागू नये म्हणून त्याच वेळी एक पूरक करार करण्यात आला. त्यात सहभागी झालेली राष्ट्रे एकमेकांना दोन स्वातंत्र्ये देतात : न उतरता वरून जाण्याचे, आणि इंधन वा दुरुस्तीसारख्या कारणासाठी उतरण्याचे. भारत व पाकिस्तान हे दोघेही या करारात आहेत. मात्र, शिकागो करारातच लष्करी गरज, सार्वजनिक सुरक्षितता, युद्ध किंवा आणीबाणी या कारणांसाठी निर्बंध घालण्याची मुभा ठेवलेली आहे. शेजाऱ्यांमधील बहुतेक तंटे या दोन टोकांच्या मधल्या जागेत उभे राहतात.

सार्वभौम हद्द आणि 'उड्डाण माहिती क्षेत्र' या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. विमानांना मार्गदर्शन करण्यासाठी जगाचे आकाश अशा क्षेत्रांत वाटलेले आहे. भारतात दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई ही चार, तर पाकिस्तानात कराची आणि लाहोर ही दोन क्षेत्रे आहेत. मुंबईच्या क्षेत्रात अरबी समुद्रावरील विस्तीर्ण पट्टा येतो. तेथे भारताचे सार्वभौमत्व नाही, जबाबदारी मात्र आहे. बंदीचा हुकूमही याच यंत्रणेतून निघतो. वैमानिकांसाठी प्रसृत होणाऱ्या अधिकृत सूचनेला 'नोटाम' म्हणतात. दोन-चार ओळींची ही सूचना हजारो प्रवाशांचे वेळापत्रक बदलते.

तंट्याची पाऊणशे वर्षे

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील हा वाद फाळणीनंतर पाचच वर्षांत सुरू झाला. दिल्लीहून काबूलला जाणाऱ्या भारतीय विमानांना पाकिस्तानने आपल्या पश्चिम सीमेलगतच्या प्रदेशावरून जाऊ देण्यास नकार दिला, तेव्हा १९५२ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजेच 'आयकाओ'कडे तक्रार केली. ते प्रकरण वाटाघाटींनी मिटले. १९६५ च्या युद्धात उड्डाणे थांबली आणि ताश्कंद करारानंतर १९६६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

खरा पेच १९७१ मध्ये पडला. ३० जानेवारी रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे फोकर विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. प्रवाशांची सुटका झाली, परंतु २ फेब्रुवारीला विमान जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानला जबाबदार धरले. पाकिस्तानच्या चौकशी आयोगाने हे भारताचेच कारस्थान असल्याचा निष्कर्ष काढला. ४ फेब्रुवारी रोजी भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले.

त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग होते आणि त्यांच्यामध्ये संपूर्ण भारत पसरला होता. कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेला वळसा घालावा लागू लागला. अंतर जवळपास दुप्पट झाले आणि कोलंबोचा विमानतळ हा पाकिस्तानच्या दोन भागांना जोडणारा इंधनाचा थांबा बनला. मार्च १९७१ नंतर पूर्व पाकिस्तानात जे घडले, त्यात या लांबलेल्या हवाई मार्गाचे महत्त्व लष्करी अभ्यासकांनी वेळोवेळी नोंदविले आहे.

पाकिस्तानने 'आयकाओ'च्या परिषदेकडे दाद मागितली. आपल्याला निर्णय देण्याचा अधिकार आहे, असे परिषदेने म्हणताच भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. संबंधित करार दोन देशांमध्ये स्थगित झाले असल्याने परिषदेला अधिकारच उरत नाही, असा भारताचा युक्तिवाद होता. १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी तो फेटाळला. एका पक्षाने करार स्थगित झाल्याचे एकतर्फी जाहीर केले म्हणून तंटा ऐकण्याचा परिषदेचा अधिकार संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल लागला तोवर बांगलादेश स्वतंत्र झाला होता. मूळ वादावर निवाडा झालाच नाही. दोन्ही देशांनी समझोता केला आणि १९७६ मध्ये आकाश पुन्हा खुले झाले.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर झालेल्या हल्ल्यानंतर भारताने १ जानेवारी २००२ पासून पाकिस्तानी विमानांना बंदी केली. पाकिस्ताननेही तेच केले. ही कोंडी १ जानेवारी २००४ रोजी, बरोबर दोन वर्षांनी सुटली.

बालाकोट ते पहलगाम

२६ फेब्रुवारी २०१९ रोजी भारताने बालाकोटवर हवाई हल्ला केला. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने आपले आकाश सर्वच विमानांना बंद केले आणि भारतातही श्रीनगर, जम्मू, लेह, अमृतसर यांसह उत्तरेकडील अनेक विमानतळ काही तासांसाठी बंद ठेवण्यात आले. पाकिस्तानचे आकाश पूर्णपणे खुले व्हायला १६ जुलै उजाडला. एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी, तर स्पाइसजेटला ३०.७३ कोटी, इंडिगोला २५.१ कोटी आणि गोएअरला २.१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे तत्कालीन विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी राज्यसभेत सांगितले. पाकिस्तानच्या मंत्र्यांनी आपल्या देशाचे नुकसान साडेआठशे कोटी पाकिस्तानी रुपये असल्याचे जाहीर केले.

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले. ३० एप्रिलला भारताने तशीच बंदी पाकिस्तानी विमानांवर घातली. दर महिन्याला नव्या 'नोटाम'ने मुदत वाढत गेली आणि २०२५ संपले तेव्हाही दोन्ही बंद्या कायम होत्या. या वेळची बंदी परस्परांच्या विमानांपुरती होती. परदेशी कंपन्यांना पाकिस्तानवरून जाण्यास मनाई नव्हती, जरी काही युरोपीय कंपन्यांनी सुरुवातीला स्वतःहून तो मार्ग टाळला. परिणामी, दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या एकाच प्रवासासाठी भारतीय विमानाला लांबचा आणि परदेशी विमानाला जवळचा मार्ग, अशी विषम स्पर्धा निर्माण झाली. वर्षभर बंदी राहिल्यास ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा एअर इंडियाचा अंदाज होता.

विमानतळांवर काय घडते?

सर्वांत ठळक परिणाम सीमेलगत दिसतो. 'ऑपरेशन सिंदूर'नंतर मे २०२५ मध्ये उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले. श्रीनगर, लेह, चंडीगड, जोधपूर यांच्याबरोबरच गुजरातमधील भूज, जामनगर, राजकोट, पोरबंदर आणि केशोद यांचाही त्यात समावेश होता. त्यामुळे मुंबईहून कच्छ-सौराष्ट्राकडे जाणारी उड्डाणेही रद्द झाली. श्रीनगरहून नुकतीच सुरू झालेली हज यात्रेकरूंची उड्डाणे थांबली. १२ मे रोजी हे विमानतळ पुन्हा खुले करण्यात आले. यांतील अनेक ठिकाणी धावपट्टी हवाई दलाची असून नागरी विमाने तिचा वापर करतात. पुण्याच्या लोहगावप्रमाणेच ही व्यवस्था शांततेच्या काळात सोयीची असते. तणावाच्या काळात मात्र नागरी प्रवासी आपोआप दुय्यम ठरतो.

दुसरा परिणाम सीमेपासून दूर, मोठ्या विमानतळांवर होतो. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला थेट मार्ग बंद झाला, की ते प्रथम राजस्थान-गुजरातवरून दक्षिणेकडे येते आणि अरबी समुद्रावरून पुढे जाते. प्रवास लांबला, की इंधन अधिक लागते. इंधनाचे वजन वाढले, की प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असल्याने जादा कर्मचारी लागतात. विमान उशिरा परतले, की त्याची उतरण्याची ठरलेली वेळ आणि उभे राहण्याची जागा दोन्ही हुकतात व पुढचे उड्डाणही रखडते. मुंबईला समुद्र जवळ असल्याने तिच्या आखाती उड्डाणांना या बंदीची झळ कमी बसते. मात्र, वळविलेल्या विमानांची वर्दळ तिच्याच नियंत्रण क्षेत्रात वाढते.

काही मार्ग तर आर्थिक गणितातच बसेनासे होतात. इंडिगोने एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीहून अल्माटी व ताश्कंदला जाणारी सेवा थांबविली. त्या विमानांच्या पल्ल्यात वळशाचा मार्ग बसत नव्हता. एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केली. विमानांच्या नूतनीकरणामुळे निर्माण झालेली टंचाई आणि पाकिस्तानचे बंद आकाश, ही त्याची कारणे कंपनीने दिली.

एखाद्या विमानतळाची 'आंतरराष्ट्रीय' ही ओळखही यात पणाला लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये श्रीनगर-शारजा थेट सेवा सुरू झाली. पहिल्या काही उड्डाणांनंतर पाकिस्तानने परवानगी नाकारली आणि विमानांना उदयपूर, अहमदाबाद व ओमानमार्गे वळसा पडू लागला. २००९ मध्ये सुरू झालेली श्रीनगर-दुबई सेवाही अशीच अल्पजीवी ठरली होती. काश्मीरमधील फळबागायतदार आणि पर्यटन व्यावसायिकांना आखाताची बाजारपेठ विमानाने काही तासांवर आहे. परंतु ते तास शेजाऱ्याच्या संमतीवर अवलंबून आहेत.

एकाचे नुकसान दुसऱ्या ठिकाणी व्यवसाय बनते. १९७१ मध्ये कोलंबोचे जे झाले, तेच २०१९ मध्ये व्हिएन्नाचे झाले. अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची विमाने तेथे थांबू लागली, तर इंडिगोचे दिल्ली-इस्तंबूल विमान इंधनासाठी दोहाला उतरू लागले. २०२५ मध्ये व्हिएन्नाबरोबर कोपनहेगनचीही भर पडली. बंदी घालणाराही यातून सुटत नाही. आकाशातून जाणाऱ्या विमानांना मार्गदर्शनाच्या सेवेसाठी शुल्क आकारले जाते. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात या उत्पन्नात ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांची तूट आल्याचे पाकिस्तान सरकारने आपल्या संसदेत सांगितले.

इतर शेजारी

सायप्रसमध्ये हा तंटा अर्धशतकाचा झाला आहे. १९७४ च्या युद्धानंतर निकोसियाचा विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील मधल्या पट्ट्यात अडकला आणि राजधानीचा हा विमानतळ ओसाड पडला. दक्षिणेत लार्नाकाचा नवा विमानतळ उभा राहिला. उत्तरेतील एर्कानला केवळ तुर्कस्तानमधूनच थेट उड्डाणे जातात.

कतारची कथा वेगळी. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन व इजिप्त यांनी कतारच्या विमानांना बंदी केली. कतारभोवतीचे आकाश बहारीनच्या नियंत्रणाखाली असल्याने दोहाची वाहतूक मोजक्या मार्गांपुरती उरली आणि विमाने इराणवरून जाऊ लागली. प्रकरण 'आयकाओ'कडून हेगला गेले. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने परिषदेचा अधिकार मान्य केला, आणि त्यासाठी आधार घेतला तो १९७२ च्या भारत-पाकिस्तान निकालाचा. जानेवारी २०२१ मध्ये समेट झाला. पुढे सप्टेंबर २०२२ पासून कतारने स्वतःचे उड्डाण माहिती क्षेत्र सुरू केले.

या साऱ्या प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोन्ही वेळा तंटा कोणी ऐकायचा एवढेच ठरविले. आकाश खुले झाले ते राजकीय समझोत्यामुळे. शुल्क, इंधन आणि वेळ यांचा हिशेब नंतर मांडता येतो, विमान कंपन्या भाडे वाढवून तो वसूलही करतात. परंतु गारांच्या ढगासमोर आलेल्या विमानाला हिशेबासाठी वेळ नसतो. संकटातील विमानाला शक्य ती मदत देण्याचे बंधन शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्रावर घातले आहे. बंदीच्या काळातही हवामानाच्या कारणाने काही मिनिटांची वाट देण्याचा संकेत शेजाऱ्यांनी पाळला, तर त्यात कोणाच्याही सार्वभौमत्वाला बाधा येत नाही. २०२३ मध्ये लाहोर आणि अमृतसरच्या नियंत्रकांनी ते दाखवून दिले होते.