फाटक्या आवाजाची नक्कल

सभेत ध्वनिवर्धकाचा आवाज फाटू लागला की कोणीतरी उठून तो कमी करावयास सांगतो. फाटणे हा यंत्राचा दोष आहे याविषयी तेथे कोणाचे दुमत नसते. विसाव्या शतकातील गिटारवादनाच्या इतिहासात मात्र हाच दोष आधी अपघाताने कानी पडला, मग हवाहवासा झाला आणि अखेर त्याची नक्कल करणारी यंत्रे मुद्दाम घडवली गेली. पायाने दाबावयाची एक लहानशी पेटी, तिच्यात चार-दोन ट्रान्झिस्टर, आणि तिच्यातून निघावयाचा आवाज मात्र जुन्या, तापलेल्या, व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा. या पेटीचा इतिहास तंत्रज्ञांनी लिहिलेला आहे. अस्सल आणि नक्कल या शब्दांशी रोज व्यवहार करणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकांनीही तो पाहावा, असे आम्हाला वाटते.

ज्याला आपल्याकडील मागची पिढी 'व्हॉल्व्ह' म्हणे, ती काचेची निर्वात नळी. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये तिचे पहिले रूप सिद्ध केले आणि १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा विद्युदग्र घातला. पुढे क्षीण विद्युत्-संदेश मोठा करण्याचे काम ही नळी करू लागली. तिच्या सामर्थ्याला मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडे संदेश लोटला की ध्वनिलहरींचे माथे चेपले जातात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. हे टाळणे हे अभियंत्यांचे ध्येय होते. वादकांना मात्र त्यात वेगळेच काही ऐकू आले. १९५१ मध्ये मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' या गाण्यात गिटारचा ॲम्प्लिफायर बिघडलेला होता, आणि तो तसाच वापरला गेला. लिंक रे यांनी १९५८ च्या 'रंबल' साठी स्पीकरच्या कागदी शंकूला हेतुपुरस्सर भोके पाडली. अपघात ते हेतू हे अंतर अवघ्या सात वर्षांत कापले गेले.

यानंतरची घटना आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. मार्टी रॉबिन्स यांचे 'डोन्ट वरी' हे गीत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. नॅशव्हिल येथे त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनिमिश्रण-यंत्रातील एका वाहिनीचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज घोगरा, भुंग्यासारखा उमटला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो पुसून टाकला नाही. ती वाहिनी पुढे पुरतीच निकामी झाली, तेव्हा तोच आवाज ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने पुन्हा निर्माण करण्याचा मार्ग त्यांनी शोधला. त्यातून १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने मेस्ट्रो या नावाने 'फझ-टोन' हे पेडल बाजारात आणले. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते. म्हणजे बाजारात आलेल्या या आद्य पेडलचा 'मूळ आदर्श' हे एक मोडके यंत्र होते.

कंपनीला मात्र हा आवाज तसाच विकण्याचे धैर्य झाले नाही. हे पेडल लावल्यास गिटारमधून पितळी वाद्यांसारखे, चेलोसारखे स्वर निघतील, अशी तिची जाहिरात होती. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिसफॅक्शन' या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी हे पेडल वापरले, तेही पुढे पितळी वाद्ये वाजवतील त्यांची जागा धरून ठेवण्यापुरते. ती वाद्ये आलीच नाहीत. नकलेची नक्कल म्हणून वाजवलेला तो स्वरच गाण्याची ओळख ठरला.

तरीही ट्रान्झिस्टरचे फाटणे आणि नळीचे फाटणे कानाला एकसारखे वाटत नाही, ही तक्रार राहिलीच. १९७३ मध्ये रसेल हॅम यांनी आपल्या निबंधात असे दाखवले, की या दोहोंतील फरक सुखाच्या स्थितीत फारसा दिसत नाही. सामर्थ्याबाहेर ताण पडला म्हणजे तो उघड होतो. ताणात स्वभाव कळतो, हे माणसांविषयीही आपण म्हणतोच.

मग नळीच्या स्वभावाची नक्कल करावयाची कशी? एक मार्ग शब्दशः भाषांतराचा आहे. जुन्या ॲम्प्लिफायरचा नकाशा समोर ठेवावयाचा आणि प्रत्येक नळीच्या जागी एक फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर बसवावयाचा. नळीच्या प्लेट, ग्रिड आणि कॅथोड यांना ड्रेन, गेट आणि सोर्स हे प्रतिशब्द तयारच आहेत. पण नळी दोन-तीनशे व्होल्टवर चालते आणि पेडलमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते. शिवाय नळीतील प्रवाह व्होल्टेजच्या दीडाव्या घाताप्रमाणे वाढतो, तर या ट्रान्झिस्टरमधील प्रवाह दुसऱ्या घाताप्रमाणे. केवळ प्रतिशब्द ठेवून अर्थ साधत नाही, हे अनुवादकाला सांगावयास नको. २००४ मध्ये दिमित्री डान्युक यांनी सोर्सला नेमक्या मूल्याचा रेझिस्टर जोडून हा वक्र नळीच्या वक्राजवळ कसा आणता येतो, ते मांडले. ते मूल्य मात्र सरसकट ठरवता येत नाही. 'जे २०१' हा या कामातील लोकप्रिय ट्रान्झिस्टर घेतला, तर त्याचे कट-ऑफ व्होल्टेज ०.३ पासून १.५ पर्यंत कोठेही असू शकते. एकाच पुडीतील दोन नगही जुळत नाहीत. म्हणून डाख देण्यापूर्वी प्रत्येक नग मोजावा लागतो, नाहीतर शेवटी कानाने जुळवावा लागतो. नक्कल करणाऱ्याला मूळ वस्तूचे दोष तिच्या कर्त्यापेक्षा अधिक बारकाईने अभ्यासावे लागतात ते असे.

आता ज्याची नक्कल करावयाची, ते 'मूळ' तरी कितपत मूळ होते? लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये तयार झालेला पहिला मार्शल ॲम्प्लिफायर हा अमेरिकन फेंडर बासमनच्या नकाशावरून केलेला होता. इंग्लंडमध्ये सहज मिळणारे सुटे भाग, वेगळ्या नळ्या आणि वेगळे स्पीकर यांमुळे त्याचा आवाज निराळा झाला. जेथे नक्कल चुकली, तेथेच नवे अस्सल जन्मले.

आमच्या परंपरेला हे अपरिचित नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त श्रुतिदुष्टत्वादी दोष अनित्य आहेत असे म्हटले. कानाला कठोर लागणारे वर्ण शृंगारात दोषरूप ठरतात, रौद्रात नव्हेत. सभेतील भाषणात जे फाटणे असह्य होते, तेच गिटारवर का शोभते, याचे याहून नेमके उत्तर आम्हाला सापडलेले नाही. दोष यंत्रात नसतो, प्रसंगाशी त्याच्या असलेल्या नात्यात असतो. हे नाते ओळखणारा कान स्नॉडी यांच्यापाशी होता.

आज जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर शोधून, चढ्या भावाने विकत घेतले जातात, आणि खुद्द 'फझ-टोन'च्या नकला होतात. जी वस्तू मोडक्या यंत्राची नक्कल म्हणून जन्मली, तीच आता अस्सल म्हणून जपली जाते. तेव्हा एखादी कलाकृती अनुकरणात्मक आहे, एवढे म्हणून समीक्षकाचे काम संपत नाही. अनुकरण कशाचे केले, किती बारकाईने केले आणि ते नेमके कोठे चुकले, हे पाहिल्यावरच ते सुरू होते.