ठाणे-डोंबिवलीत मोगरा, जास्वंद, अनंत कधी छाटायचे?

फेब्रुवारी लागला की ‘स्प्रिंग प्रुनिंग’चे रील्स फिरू लागतात. त्यातले बरेचसे थंड देशांतले असतात. तिथे हिवाळाभर झोपलेली झाडे पालवी फुटण्याआधी छाटतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बर्फ पडत नाही आणि कुंडीतली बहुतेक झाडे पूर्ण झोपतही नाहीत. इथे छाटणीची वेळ दोन गोष्टींवर ठरते : झाड कधी फुलते आणि ऊन कधी तापते.

मोगऱ्याची फुले नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. म्हणून तो जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत छाटावा. आधी आठवडाभर पाणी कमी करावे. मग वाळलेल्या काड्या बुडाशी कापाव्यात, बाकीच्या फांद्या एक तृतीयांश ते निम्म्या आखूड कराव्यात आणि उरलेली जुनी पाने खुडावीत. कापताना जीव खालीवर होतोच, पण मोगरा चिवट आहे. त्यानंतर माती उकरून शेणखत किंवा गांडूळखत घालावे आणि पाणी पुन्हा नेहमीसारखे सुरू करावे. उन्हाळ्यात कळ्या दिसू लागतात.

जास्वंदही नव्या फांदीवरच फुलते, पण जवळपास बारा महिने. त्यामुळे तिची एक तृतीयांश छाटणी पुरे. पेरांत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ते शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, खताच्या डब्यात नकोत.

खरी चूक होते ती अनंताच्या बाबतीत. तो उन्हाळ्याच्या अखेरीस फुलतो आणि फुले आदल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर धरतो. फेब्रुवारीत सगळ्या झाडांबरोबर त्यालाही कात्री लावली की त्या वर्षीची बरीचशी फुले गेली. त्याची छाटणी बहर संपल्यावर करावी. बोगनवेल या दिवसांत रंगात असते, तिलाही बहर ओसरेपर्यंत हात लावू नये. सोनटक्क्याचा फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो पिवळा पडला की जमिनीलगत कापावा.

पंचांगातला वसंत चैत्रात येतो, पण गुढीपाडव्याला मोठी छाटणी करणे म्हणजे उशीरच. पारा चाळिशीकडे जातो, पश्चिमेच्या गॅलरीत उघड्या पडलेल्या फांद्यांची साल भाजते. पाने नसलेले झाड पाणीही कमी ओढते, आणि सवयीने रोज पाणी घातले तर मुळे कुजतात. वेळ हुकली असेल तर फक्त वाळलेले काढावे आणि जूनच्या पावसाची वाट पाहावी.

कात्री धारदार हवी, स्पिरिटने पुसलेली. काप बाहेर वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका.

सोसायटीच्या आवारातला आंबा किंवा गुलमोहर मात्र कुंडीच्या हिशेबात येत नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरातल्या झाडांची जबाबदारी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे असते. फांद्या तोडण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. परवानगी मिळाली तरी कापण्यापूर्वी वर नजर टाकावी, कारण पावसाआधीची छाटणी आणि कावळ्यांची घरटी यांचे दिवस एकच असतात.