मातापूरचा व्याघ्र व चिनी अद्भुतवृत्तें

किनवटानजीकचें माहूर (पूर्वीं तें किनवट तालुक्यांतच मोडत असे) महानुभाव वाङ्मयांत मातापूर या नांवानें येतें. फलटणचे चांगदेव राऊळ तेथें गेले असतां श्रीदत्तात्रेयप्रभूंनीं व्याघ्ररूपानें त्यांच्या मस्तकीं पंजा ठेविला, असें लीळाचरित्र सांगतें. पुढें द्वारावतीस त्यांनीं देह टाकिला व भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळदेव याच्या मृत देहांत प्रवेश केला, तेच श्रीचक्रधर. आमच्या चरित्रकारांची रीत अशी कीं, व्याघ्र व परकायाप्रवेश दंतकथा म्हणून वगळावयाचीं आणि फलटण, द्वारावती, भडोच हीं नांवें मात्र इतिहास म्हणून उचलावयाचीं. साक्षीदार एकच, त्याची अर्धी जबानी कोणत्या न्यायानें ग्राह्य धरावी?

हा प्रश्न चिनी पंडितांसही पडला होता. चौथ्या शतकांतील गान पाओ हा जिन घराण्याचा दरबारी इतिहासकार. बापाच्या थडग्यांत कोंडली गेलेली दासी कैक वर्षांनीं जिवंत सांपडली, त्यावरून त्यानें भुतेंखेतें व मृतांचें पुनरुज्जीवन यांच्या हकीकतींचा ‘सोऊ शन जी’ हा संग्रह केला, असें त्याच्या चरित्रांत आहे. इ. स. ६५६ मध्यें पुऱ्या झालेल्या सुई घराण्याच्या इतिहासांतील ग्रंथसूचींत हा संग्रह इतिहास-विभागांत, चरित्रांच्या वर्गांत नोंदिला आहे. १०६० च्या नव्या थांग इतिहासांत तोच किरकोळ कथांच्या वर्गांत गेला. पोथी तीच, फडताळ बदललें! मूळ ग्रंथ पुढें लोपला; प्रचलित वीस भागांची प्रत मिंग काळांत इतर ग्रंथांतील उताऱ्यांवरून जुळविलेली आहे.

लीळाचरित्राची गतही अशीच. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस ठिकठिकाणीं विचारपूस करून लीळा जमविल्या. मूळ पोथी धाडींत गेल्यावर पंथीयांनीं स्मरणावरून निरनिराळे पाठ सिद्ध केले. तथापि ग्रंथाच्या रचनेंतच एक कसोटी आहे. एकांकाच्या काळीं शिष्य सोबत नव्हते. तेथील वृत्त श्रीचक्रधरांनीं स्वमुखें सांगितलेलें. पूर्वार्ध व उत्तरार्ध यांत शिष्यांनीं पाहिलेलें पुष्कळ आहे. गोष्ट अद्भुत आहे कीं नाहीं यापेक्षां ती कोणी कोणास सांगितली, हें आधीं पाहिलें पाहिजे. त्या दृष्टीनें व्याघ्राची लीळा चांगदेव राऊळांच्या प्रवासाचा दुबळा पुरावा ठरते. परंतु मातापुरीं दत्तात्रेयांचें वास्तव्य तेराव्या शतकांत मानलें जात होतें, यास तिच्याइतका जुना लेखी आधार मराठींत क्वचितच सांपडेल.

सबब संग्राहकांनीं सूची करितांना ‘चमत्कारकथा’ एवढ्या शेऱ्यावर भागवूं नये. पाठ कोणता, लीळा कोणत्या भागांत, सांगणाराचें नांव आहे कीं काय, हें टिपावें. सकळ लिपीचा उलगडा राजवाड्यांनीं केल्यापासून वाचतां येत नाहीं ही सबबही उरलेली नाहीं.