तिखाडीचं तेल

आमच्या काटोल तालुक्यात, कोंढाळीकडच्या टेकड्यांवर पूर्वी तिखाडी माजायची. पुस्तकात तिला रोशा गवत म्हणतात. पान चुरगाळलं की हाताला गुलाबासारखा वास लागतो. माझा आजा या गवताच्या भट्टीवर मजूर होता. त्यामुळं तिचा थोडा इतिहास मला घरूनच मिळाला, बाकीचा पुढं वाचून.

ठेकेदार लिलावात गवत घ्यायचा. दसऱ्याच्या मागंपुढं तिखाडी फुलावर आली की बाया कापायला जायच्या, मजुरी भाऱ्यावर. नाल्याच्या काठी भट्टी लागायची. मोठ्या हंड्यात पाणी आणि दाबून भरलेलं गवत, झाकणाच्या फटी मातीनं लिंपलेल्या, खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरायची. पाणी खाली राही, तेल वर तरंगे. क्विंटलभर गवतामागं तेल जेमतेम अर्धा किलो. रात्रीचा जाळ सांभाळणं आजाकडं होतं.

तेल कुठं जातं, हे आजाला ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडातलं रोशा तेल मुंबईला जाई. तिथून जहाजानं तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि पुढं इस्तंबूलला. बल्गेरियाचे गुलाबमळे त्या शतकात बराच काळ तुर्की सुलतानाच्या राज्यात होते. तिथले काही अत्तरवाले हे तेल गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडत आणि मग पाकळ्या भट्टीत घालत. भेसळ सहज ओळखू येत नसे. गुलाबाच्या अत्तरात जे जिरॅनिऑल असतं, तेच तिखाडीच्या तेलात शंभरात पंचाहत्तरच्या वर असतं. युरोपच्या बाजारात त्याला म्हणत ‘तुर्की जिरॅनियम तेल’. गवत इथलं, नाव तुर्कांचं!

वनस्पतिशास्त्रातही तिखाडीला नाव मिळालं ते लखनौच्या जनरल क्लॉड मार्टिनचं. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईच्या वेळी त्याला दिसलं, की जनावरं हे गवत आवडीनं खातात आणि त्यांच्या दुधालोण्याला वास येतो. हे तर आमचा कोणताही गुराखी सांगता.

एका साली भट्टी उठली आणि ठेकेदारानं शेवटच्या पंधरवड्याची मजुरी बुडवली. आजानं निघताना तेलाची एक शिशी धोतराच्या सोग्यात घालून आणली. गावभर बोभाटा झाला. “मजुरी नाही तं हे तरी,” एवढंच आजा म्हणाला. पण चोर हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. आजी ते तेल दुखऱ्या गुडघ्यांना चोळायची, तेही दार लोटून.

आता त्या टेकड्यांवर तिखाडी शोधावी लागते. लखनौच्या सीमॅप संस्थेनं तिच्या सुधारित जाती काढल्या आहेत. लोक शेतात लावतात, आणि तेल साबणात, क्रीममध्ये जातं.

मागं नागपूरला लेकाकडं गेलो, तर सुनेच्या साबणाच्या खोक्यावर ‘पामारोसा’ छापलेलं. पुढच्या खेपेला आजाची शिशी घेऊन गेलो. तेल कधीच संपलंय, बूच काढलं की वास मात्र येतो.

“मामाजी, गुलाबाचा वास येऊन राहिला,” सून म्हणाली.

“तिखाडी आहे बाई. माझ्या आजाची पंधरा दिवसांची मजुरी.”