पोषण-दाह निर्देशांक (मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील)

मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगात रुग्णाचे पोषण आणि देहातील दाह रक्तपरीक्षेवरून अजमावण्याची अंकात्मक परिमाणे. अर्बुदाने चेतविलेल्या दाहामुळे यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची निर्मिती वाढविते व अल्ब्युमिनची आवरती घेते. त्यामुळे अल्ब्युमिनची घट ही निव्वळ उपासमारीची निशाणी, हा जुना समज टिकण्याजोगा नाही. ग्लासगो गुणांकात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक व अल्ब्युमिन ३५ ग्रॅमहून कमी असल्यास प्रत्येकी एक गुण धरतात; गुण जितके अधिक, तितके भवितव्य प्रतिकूल. जपानी शल्यविशारद ओनोडेरा यांचा निर्देशांक (१९८४) याहून सुटसुटीत. समजा, धारवाडच्या सप्तापूर वस्तीतील कोणी रुग्ण हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात दाखल झाला आणि त्याचे अल्ब्युमिन १०० मिलिलिटरमागे ३.२ ग्रॅम व लसीका-पेशी घनमिलिमीटरमागे १,४०० भरल्या, तर अल्ब्युमिनची दसपट ३२ व पेशीसंख्येचा दोनशेवा हिस्सा ७, मिळून ३९ होतात. आणि निर्देशांक चाळिसाच्या आत असल्यास आतडे कापून जोडणे ओनोडेरांनी वर्ज्य मानले होते. आज ही मर्यादा इतकी काटेकोर पाळत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी आहार सुधारण्याची ती सूचना समजतात. साध्या जंतुसंसर्गानेही हे आकडे बिघडतात. सबब ताप असताना केलेल्या मोजणीवर विसंबू नये.