नक्षी उरली, नाव हरवलं

लोणच्याची चिनी मातीची बरणी अकलूजकरणींच्या ओळखीची. ती बहुधा साधीच असते. पण दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत मातीच्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी हाताने रंगवत.

अजिंठ्याच्या छतांवर हंस, हत्ती, बैल आहेत, तसे कल्पनेतले प्राणीही आहेत. १८७२ पासून १८८५ पर्यंत जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी या चित्रांच्या कापडावर नकला करत होते. त्याच शाळेत जॉर्ज टेरी यांनी कुंभारकाम सुरू केलं आणि लेण्यांतली नक्षी फुलदाण्यांवर आली. भांडं रंगवायचं, काचेसारखी झिलई चढवायची, भट्टीत भाजायचं.

लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी कितीतरी १८८५ च्या आगीत जळाल्या. भांड्यांवरची नक्षी मात्र आजही संग्रहालयांत दिसते. भांड्याच्या बुडाला शाळेचं नाव सापडतं, रंगवणाऱ्याचं क्वचितच.

आपल्या गोधडीचंही तसंच. टाके ओळखू येतात, पण शिवणारी कोण ते दोन पिढ्यांत विसरतं. म्हणून बचत गटाची वस्तू विकायला निघाली की गटाच्या नावाखाली करणारीचंही नाव घाला.